उत्तनच्या रस्त्यावरचे साडेतीन तास

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षा, फेरीवाले आणि बसथांब्यांच्या गर्दीतून बाहेर पडले आणि सुभाषचंद्र बोस मैदान मागे टाकले की शहर एकाएकी संपते. पुढे मुर्धा, राई, मोर्वा ही आगरी गावे लागतात. गावांच्या अधेमधे रस्त्याच्या कडेने मिठागरे आणि खारफुटी पसरलेली असते, पावसाळा सरल्यावर मिठाचे पांढरे ढीग दिसू लागतात. इथवर रस्ता तळहातासारखा सपाट. डोंगरी आली की तो चढू लागतो, वळणे घेतो, उत्तनकडे उतरतो आणि तिथून गोराईच्या दिशेने लहान लहान चढउतार करत समुद्राच्या सोबतीने जातो. भाईंदर स्टेशनपासून उत्तनपर्यंतचे अंतर सुमारे आठ-नऊ किलोमीटर. आकाराने हे डोंगर म्हणजे टेकड्याच, सह्याद्रीच्या घाटांपुढे त्यांची काय मिजास! पण वसईच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवता येते म्हणून १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत, उत्तन-डोंगरी ज्यावर आहेत त्या धारावी बेटाच्या उंचवट्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले, आणि चौक गावाजवळ त्या किल्ल्याचे अवशेष आजही आहेत. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतल्या सायकलस्वारांना लोकल गाड्यांच्या टापूत राहून डोंगर, दरी, खाडी आणि समुद्र एकाच फेरीत देणारा असा दुसरा रस्ता नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी उजाडण्याआधीच इथे सायकली दिसू लागतात. भल्या पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तोही जाताना पाठीशी असतो.

या रस्त्याबद्दल माझे एक साधे म्हणणे आहे. दर रविवारी पहाटे साडेपाच ते सकाळी नऊ एवढा वेळ तो बाहेरच्या खासगी मोटारी आणि मोटारसायकलींना बंद ठेवावा आणि चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना मोकळा द्यावा. त्यासाठी नवा रस्ता नको, वेगळी मार्गिका नको, रंगाचे पट्टेही नकोत. सायकलसाठी चांगला रस्ता म्हणजे काहीतरी बांधावे लागते, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. आहे तोच रस्ता काही तास राखून ठेवणे हा जास्त स्वस्त, जास्त टिकाऊ आणि निसर्गाला कमी धक्का लावणारा उपाय आहे.

आधी हे पाहू, की डोंगराळ रस्त्यावर सायकल आणि मोटार यांचे पटत का नाही. गर्दीच्या रस्त्यावर सायकल चालवणे धोक्याचे आणि गावाबाहेरच्या निवांत रस्त्यावर सुरक्षित, असे सगळ्यांनाच वाटते. चढणीवर मात्र हिशेब उलटतो. शंभर मीटर अंतरात पाच मीटर उंची गाठणारा चढ घ्या. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले, तर ताशी १० किलोमीटर वेगाने तो चढायला फक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्धच सुमारे ११० वॉटचा जोर लागतो. तेवढ्याच जोरात सपाटीवर दुपटीहून जास्त वेग मिळतो. म्हणजे चढावर सायकल माणसाच्या धावण्याइतकी मंद होते. आणि मंद झालेली सायकल सरळ रेषेत जात नाही. तोल सावरण्यासाठी हँडल सतत डावी-उजवीकडे हलवावे लागते, उभे राहून पेडल मारताना सायकल दोन्ही बाजूंना झुलते, आणि कडेची खडी चुकवायला स्वार अर्धा हात आत येतो. नेमकी त्याच वेळी मागून ताशी ५० किलोमीटरने मोटार येते. दोघांच्या वेगातला फरक ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. वळणामुळे ५० मीटरपर्यंतच दिसत असेल, तर सायकल नजरेला पडल्यापासून तिच्यापाशी पोहोचायला चालकाकडे जेमतेम साडेचार सेकंद असतात, आणि तेवढ्यात समोरून बस उतरत असते. भाईंदरच्या भर बाजारात मोटार सायकलपेक्षा फार तर ताशी पाच-दहा किलोमीटरने पुढे असते, तिथे धक्का लागला तरी तो सहसा धक्काच राहतो. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, ताशी ३० ऐवजी ६० चा वेग असेल तर आघात चौपट. उतारावर आणखी वेगळी अडचण आहे. तिथे सायकलच ताशी ३५-४० किलोमीटरपर्यंत जाते आणि दोन बोटांएवढ्या रुंदीचे टायर ओल्या डांबरावर मोटारीसारखे थांबत नाहीत. निसर्गरम्य, वळणावळणाचा, रिकामा वाटणारा रस्ता सायकलस्वाराला लांबून जितका सुखाचा दिसतो तितका तो नसतो. मोटारी थोड्या असल्या तरी त्या वेगात असतात, आणि जीव वेगाने जातो.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे स्वतंत्र सायकल ट्रॅक. मुंबई परिसरात तो करून पाहिला गेला आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास ट्रॅक झाला, आणि पुढे त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. मुंबई महापालिकेने पवई तलावाच्या काठाने सायकल आणि जॉगिंगसाठी ट्रॅक बांधायला घेतला, तर मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि झालेले बांधकाम काढून तलावाचा काठ पूर्ववत करायला सांगितले. सायकलीसाठी पाणथळ जागेत भराव घालणे हाच मुळात विरोधाभास होता. तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा मार्ग करण्याची कल्पना त्यामानाने शहाणपणाची, कारण वाहिन्यांभोवतीची अतिक्रमणे हटवल्यावर पट्टा आयताच मोकळा होत होता. उत्तनच्या रस्त्याला तसा मोकळा पट्टा नाही. एका बाजूला मिठागराचे बांध, दुसऱ्या बाजूला खारफुटी, पुढे गावातली घरे आणि मग डोंगराची कड. खारफुटी तोडण्यावर उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कडक बंधने घातली आहेत. ट्रॅकसाठी रस्ता रुंद करायचा म्हटले तर खाजण बुजवावे लागेल किंवा राई-मुर्ध्याची घरे मागे सरकवावी लागतील. यांतले काहीही सायकलसाठी होऊ नये. शिवाय रुंद झालेल्या रस्त्यावर सगळ्यात आधी मोटारींचा वेग वाढतो, हा अनुभव कोणत्याही महामार्गालगतच्या गावाला विचारावा.

जगात ज्यांनी वेळ राखून ठेवण्याची वाट धरली त्यांचे काम मात्र टिकले. कोलंबियाच्या बोगोटा शहरात डिसेंबर १९७४ मध्ये काही रस्ते मोटारींना बंद करून पाहिले. आज तिथे दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन या वेळात सुमारे १२० किलोमीटर लांबीचे रस्ते माणसांच्या आणि सायकलींच्या ताब्यात असतात. बोगोटा काही श्रीमंत शहर नव्हे, रहदारी आपल्यासारखीच अंगावर येणारी, तरीही पन्नास वर्षे हा रिवाज चालू आहे. दुपारी दोनला अडथळे उचलले जातात आणि रस्ता पुन्हा मोटारींचा होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधला मुख्य रस्ता १९६७ पासून रविवारी मोटारींना बंद राहू लागला, लोकांना त्याची सवय लागली, आणि अर्ध्या शतकानंतर २०२२ मध्ये तो कायमचा मोकळा करण्याच्या बाजूने शहराने मतदान केले. आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळचे उदाहरण इटलीच्या डोलोमाइट पर्वतातले. तिथल्या सेला पर्वताभोवतीच्या चार खिंडी ठरावीक दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मोटारींना बंद असतात आणि हजारो सायकलस्वार ते घाट फिरून येतात. दऱ्याखोऱ्यांतल्या रस्त्यांचे हेच वैशिष्ट्य आहे, की त्यांना तोंडे थोडी असतात. शहरातला चौक अडवायला दहा गल्ल्या अडवाव्या लागतात, घाट अडवायला दोन टोके पुरतात.

मुंबईलाही हे नवे नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींना बंद करून लोकांसाठी खुले केले होते. मुले रस्त्यावर क्रिकेट खेळली, आजी-आजोबा फिरायला आले. पण पुढे तो उपक्रम नियमित राहिला नाही. कारण उघड आहे: तो अधिकाऱ्यांच्या उत्साहावर उभा होता, महापालिकेच्या ठरावावर किंवा कायमच्या अधिसूचनेवर नव्हता. अधिकारी बदलतात, ठराव दप्तरात राहतो.

आता आक्षेप, आणि त्यातला सगळ्यात वजनदार आधी. उत्तन, डोंगरी, पाली, चौक, गोराई, मनोरी या गावांना चारचाकीने बाहेर पडायला भाईंदर पश्चिमेचा हा एकच रस्ता आहे. दुसरा मार्ग म्हणजे गोराई किंवा मनोरीहून खाडीतली बोट, आणि तिच्यात मोटार चढत नाही. मग शहरातल्या लोकांच्या सायकलींसाठी हजारो गावकऱ्यांचे दार बंद करणार का? त्यातही रविवारची सकाळ. उत्तनच्या कोळीवाड्यांत आणि डोंगरी-गोराईच्या ख्रिस्ती वस्त्यांत रविवारी सकाळी घरचे घर मिस्साला निघते. कोळणींना त्याच दिवशी सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असते, त्यांच्या टोपल्या आणि माशांचे टेम्पो पहाटेच भाईंदरला पोहोचायला हवेत. बोटीवरून उतरलेली मासळी नऊ वाजेपर्यंत थांबत नाही. हे सगळे खरे आहे, आणि यातले काहीही अडवणारी योजना पहिल्याच रविवारी मोडून पडेल, पडायलाही हवी. पण मागणी रस्ता सगळ्यांना बंद करण्याची नाही. गावातल्या रहिवाशांची वाहने, माशांचे आणि दुधाचे टेम्पो, परिवहनच्या बस, रिक्षा, रुग्णवाहिका, अग्निशमन यांना मुभा असावी, फक्त ताशी ३० किलोमीटरच्या मर्यादेत. थांबवायच्या आहेत त्या बाहेरून फिरायला येणाऱ्या मोटारी आणि घोळक्याने उधळत जाणाऱ्या मोटारसायकली. रस्ता एकच असल्यामुळे हे सोपेही होते, कारण बेटावर शिरणारी प्रत्येक मोटार सुभाषचंद्र बोस मैदानाच्या पुढून मुर्ध्याकडेच जाते. एक नाके पुरे. आणि रविवारी या गावांना खरा त्रास कोणाचा होतो, हेही पाहावे. किनाऱ्यावर येणाऱ्या मोटारींच्या रांगेत गावकऱ्यांचीच रिक्षा अडकते, अरुंद गल्लीत तिऱ्हाईताची गाडी आडवी उभी राहते. नाके लागले तर मिस्साला आणि बाजाराला जाणाऱ्यांचा रस्ता उलट मोकळा होईल.

दुसरा आक्षेप हॉटेले, रिसॉर्ट आणि खानावळी चालवणाऱ्यांचा, गाड्या थांबल्या तर धंदा बसेल. किनाऱ्यावर जेवायला येणारा माणूस सकाळी नऊच्या आधी येत नाही, आणि शनिवारी मुक्कामाला आलेला नऊच्या आधी परतत नाही. त्यांच्या वेळेला हात लागतच नाही. उलट पहाटे येणारा सायकलस्वार भुकेला असतो आणि त्याला चहा, पाव, ऑम्लेट, नारळपाणी लागते. माथेरानने हे फार मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले आहे. तिथे मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे गावात माणसे, घोडे आणि तांबडी माती. मोटार नाही म्हणून पर्यटक यायचे थांबले नाहीत, मोटार नाही म्हणूनच ते येतात.

माथेरानच्या उदाहरणाची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. तिथल्या मोटारबंदीची किंमत हातरिक्षा ओढणाऱ्यांनी, शाळेत चालत जाणाऱ्या मुलांनी आणि आजाऱ्यांनी मोजली. २०२२ च्या शेवटी ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या त्या याच कारणाने, आणि त्यासाठीही प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. पुण्याजवळ सिंहगडावर मे २०२२ मध्ये खासगी वाहने बंद करून ई-बस सुरू करण्यात आल्या. कल्पना उत्तम होती, पण आलेल्या लोकांना बस पुरेनात, आणि काही दिवसांतच प्रयोग गुंडाळावा लागला. दोन्हींतून मी एकच धडा घेतो: मोटार थांबवायची तर तिच्या जागी काय, हे त्याच दिवशी हजर हवे. उत्तनच्या बाबतीत याचा अर्थ असा, की त्या साडेतीन तासांत परिवहनच्या बस नेहमीपेक्षा जास्त सुटाव्यात, मोटारीतून आलेल्यांना मैदानाजवळ गाडी उभी करायला जागा मिळावी, आणि नाक्यावर उभ्या माणसाला गावकरी ओळखता यावा. मिरा-भाईंदर महापालिकेने रहिवाशांच्या वाहनांना साधा स्टिकर दिला तरी पुरे. गोराई-मनोरी मुंबई महापालिकेच्या हद्दीत येतात, म्हणून तिथल्या रहिवाशांना तो मुंबईने द्यावा लागेल. दोन महापालिका आणि दोन पोलीस आयुक्तालये यांचा एकत्र बसण्याचा प्रश्न आहे खरा, पण नाके एकाच हद्दीत असल्यामुळे सुरुवात करायला मिरा-भाईंदरला कोणाची वाट पाहावी लागत नाही.

कायद्याची अडचण तर त्याहून कमी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, सोयीसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे एखाद्या रस्त्यावर ठरावीक प्रकारच्या वाहनांना मनाई करू शकतो. मनाई एका महिन्यापेक्षा जास्त नसेल तर ती राजपत्रात छापण्याचीही गरज नाही, स्थानिक पातळीवर पुरेशी प्रसिद्धी दिली की झाले. म्हणजे चार रविवारांचा प्रयोग करून पाहण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. गणेशोत्सवात आणि विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद करून वळवण्याचे काम आपले पोलीस यापेक्षा कितीतरी अवघड परिस्थितीत दरवर्षी करतात.

हा सगळा खटाटोप लाखभर रुपयांच्या सायकली आणि घट्ट कपडे घालणाऱ्या हौशी लोकांसाठी कशाला, असेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण भाईंदरमध्ये पहाटे सायकलवर कोण असतो? कॅरिअरला पावाची पोती बांधलेला पाववाला, हँडलला कॅन लटकवलेला दूधवाला, भोंगा वाजवत फिरणारा इडलीवाला, रात्रपाळी संपवून खोलीवर परतणारा वॉचमन. पाववाल्याच्या सायकलला गिअर नसतो, मागे वजन असते आणि ब्रेक बहुधा रबर झिजलेले. डोंगरीच्या चढाला तो खाली उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. मोटार त्याच्याही अंगाला घासूनच जाते. त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही, म्हणून हौशी स्वारांची मागणी फसवी ठरत नाही. रस्ता मोकळा झाला की दोघांनाही होतो. आणि या शहरातल्या मुलांचे काय? मिरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीत दहा-बारा वर्षांच्या मुलाला सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरण्यापलीकडे सायकल चालवायला जागा उरलेली नाही. त्या मुलाला घरापासून अर्ध्या तासावर पहिला चढ चढायला आणि उतारावर ब्रेक कसा जपून दाबायचा हे शिकायला मिळावे, ही मागणी हौशी खासच नाही.

घाई करण्याचे कारण आहे. उत्तन-विरार सागरी सेतू आखला गेला आहे, वर्सोव्याकडून भाईंदरपर्यंत येणाऱ्या किनारी रस्त्याचे काम पुढे सरकते आहे, आणि मेट्रोची कारशेड राई-मुर्ध्याच्या गावकऱ्यांच्या विरोधानंतर डोंगरीच्या डोंगरावर नेण्याचे ठरले, ज्यासाठी हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला. शहराचा कचरा याच रस्त्याने उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. म्हणजे आज जो रस्ता पहाटे शांत आहे तो तसा राहणार नाही. मोटारींची सवय पक्की झाल्यावर त्यांना थांबवणे फार अवघड जाते. रस्ता अजून अर्धा रिकामा आहे तोवर राखीव वेळेचा रिवाज पडला, तर पुढे वाहतूक कितीही वाढली तरी रविवारची पहाट सोडवून घेतलेली राहील. महापालिकेला सुरुवात स्वतःपासून करता येईल: कचऱ्याच्या गाड्यांच्या रविवारच्या फेऱ्या नऊच्या पुढे सरकवायला कोणाचीच परवानगी लागत नाही.

सायकलस्वारांनीही काही गोष्टी पाळायला हव्यात. चार-चार जणांनी बरोबरीने रस्ता अडवून जाऊ नये, गावाच्या वस्तीत वेग कमी करावा, प्रार्थनेच्या वेळी चर्चसमोर आरडाओरडा करू नये, बांबूच्या मांडवांवर सुकणाऱ्या बोंबलांना फोटोसाठी हात लावू नये, आणि पाण्याची बाटली परत न्यावी. गावकऱ्यांच्या अंगणातून हा रस्ता जातो आणि पहिला शब्द त्यांचाच आहे. म्हणून उत्तन, डोंगरी, राई, मुर्धा, मोर्वा, गोराई इथल्या गावकीला, मच्छीमार संस्थांना आणि चर्चच्या मंडळींना आधी विचारावे, त्यांनी सुचवलेल्या वेळा मान्य कराव्यात, आणि मगच मिरा-भाईंदर महापालिकेने व वसई-विरारसह या शहराचे काम पाहणाऱ्या पोलीस आयुक्तालयाने येत्या थंडीतले चार रविवार या प्रयोगासाठी द्यावेत.